भंडारदऱ्याला रतनवाडीच्या बाजूला जलाशयाकाठी टेंट लावला तर तो सकाळी आतून ओला का होतो? वॉटरप्रूफ असूनही?

टेंट गळत नाही. तुमच्याच श्वासातली वाफ थंड फ्लायशीटवर, म्हणजे टेंटवरच्या बाहेरच्या कापडावर, आतल्या बाजूने जमते आणि थेंब बनून खाली येते. हिवाळ्यात रात्री डोंगरावरची गार हवा उतरून पाण्याकाठच्या खोलगट जागेत साठते, म्हणून अगदी काठावर दव सगळ्यात जास्त. पाण्यापासून ५०-६० मीटर मागे, थोड्या उंचवट्यावर जागा घ्या. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

थंडी वाजते म्हणून सगळ्या चेन बंद करणं ही नेहमीची चूक. वरची हवेची खिडकी उघडी ठेवा आणि दाराची चेन वरून वीतभर सोडा. फ्लायशीट खुंट्यांनी ताणून बसवा. ती आतल्या कापडाला टेकली की पाणी थेट स्लीपिंग बॅगवर. टेंटखाली अंथरलेलं प्लास्टिक तळाबाहेर डोकावू देऊ नका, त्यावर पडलेलं दव तळाखाली शिरतं. ओले बूट-मोजे बाहेर, फ्लायशीटच्या आडोशाला.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे मुक्कामाचं आधी वनखात्याला विचारा. आणि टेंटमध्ये शेगडी कधीच पेटवू नका: वाफ तर वाढतेच, कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो.