मरणाची चाहूल की मरणाची आठवण?

प्रश्न असा : ख्रिस मार्करच्या 'ला जेते' (१९६२) या फ्रेंच चित्रपटाची मराठीत ओळख करून द्यायची आहे, तर त्यातल्या 'प्रेमोनिशन'ला काय म्हणावं? पूर्वसूचना, पूर्वाभास की चाहूल?

शेवट फोडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी ती २८ मिनिटं काढावीत.

'पूर्वसूचना'ला कचेरीचा वास आहे. 'पूर्वसूचना न देता गैरहजर' वगैरे. प्रेमोनिशनच्या लॅटिन मुळाशी आधी इशारा देणं हाच अर्थ आहे, पण सूचना म्हटली की देणारा लागतो. इथे तसा कुणी नाही. 'पूर्वाभास'मधला आभास खोटाही ठरू शकतो. आयुर्वेदात मरण जवळ आल्याच्या लक्षणांना 'अरिष्ट' म्हणतात, चरकसंहितेतलं इंद्रियस्थान त्यावरच आहे; पण आज अरिष्ट म्हटलं की संकट आठवतं, नाहीतर दशमूलारिष्टाची बाटली. राहिली चाहूल. माझा लाडका शब्द! थंडीची लागते, मांजराची लागते, मरणाचीही लागते. मात्र चाहूल लागायला येणारं अजून दाराबाहेर असावं लागतं.

या गोष्टीत ते कधीच आत येऊन गेलंय. पॅरिसच्या ओर्ली विमानतळाच्या गच्चीवर एक लहान मुलगा एका बाईचा चेहरा पाहतो आणि एका माणसाला कोसळताना पाहतो. पुढे तिसऱ्या महायुद्धात पॅरिस बेचिराख होतं, हा तळघरात कैदी होतो, आणि तो चेहरा मनात इतका पक्का रुतलेला म्हणून भूतकाळात पाठवण्याच्या प्रयोगासाठी त्यालाच निवडतात. शेवटी तो त्याच गच्चीवर धावत येतो, मारेकरी त्याला गाठतो, आणि तेव्हा उमगतं की लहानपणी आपण आपलंच मरण पाहिलं होतं.

याला मी सरळ 'आठवण' म्हणेन. 'स्वतःच्या मरणाची आठवण' हे कानाला विचित्र लागतं, आणि तसं लागायलाच हवं. व्याकरणाची हरकत कुणी घेतलीच तर तुकोबांकडे बोट दाखवा : 'आपुलें मरण पाहिलें म्यां डोळां'. 'पाहिलें', चक्क भूतकाळ! तुकोबांसाठी तो अनुपम्य सोहळा होता, कारण मेला तो मीपणा. मार्करच्या नायकाच्या वाट्याला सोहळा नाही, पण क्रियापद तेच.

शीर्षकाचं विचारलेलं नाही, तरी राहवत नाही. 'जेते' म्हणजे समुद्रात पुढे काढलेला बांध, आणि तो शब्द फेकणे या अर्थाच्या 'जते' धातूपासून आलाय. आपल्याकडे बोटी लागतात तो धक्का. भाऊचा धक्का घ्या. ढकलणं आणि हादरा, दोन्ही त्यात आयतेच आले. विमानतळाच्या गच्चीला कुणी धक्का म्हणत नाही हे मान्य, तरी मला विचाराल तर शीर्षक 'धक्का'च ठेवा.