पराणीची आर आणि चारोळी

प्रिय बेटा,

तुझं पत्र पोचलं. दहावीपर्यंत मराठीत शिकलास, आता न्यूक्लियस, न्यूक्लिओलस हे शब्द अंगावर येतात म्हणतोस. पाठ करत बसू नकोस. आधी फोडून बघ.

सातपुड्यात उन्हाळ्यात चारं पिकतात. त्यांची टणक बी फोडली की आत चारोळी निघते. लॅटिनमध्ये नक्स म्हणजे कवचाचं फळ आणि न्यूक्लियस म्हणजे त्याच्या आतला दाणा. 1831 साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींत एक गोल ठिपका पाहिला आणि त्याला हेच नाव दिलं. तिथं ते चपखल बसतं.

आपण त्याला केंद्रक म्हणतो. तू लिहितोस की हा नुसता तर्जुमा आहे, पण केंद्र शब्दाची वाट निराळीच आहे. ग्रीक भाषेत केंट्रॉन म्हणजे टोचणारं टोक, बैल हाकायच्या पराणीची आर! कंपासचं रोवलेलं टोकही तेच. त्यावरून लॅटिनमध्ये सेंट्रम झालं आणि आपल्या ज्योतिर्गणितात केंद्र आलं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ होता. त्याचा शिलालेख तू सहलीत पाहिला आहेस. त्या ग्रंथांत मंदकेंद्र हा शब्द आहे. तिथं तो ग्रहगणितातला एक कोन आहे, मध्य नव्हे. म्हणून शब्दाचं मूळ कळलं तरी तो त्या जागी काय काम करतो, ते वेगळं तपासावं लागतं.

अणूच्या बाबतीत तर हे फारच जपून कर. 1911 मध्ये रदरफोर्डने अणूचं बहुतेक सगळं वस्तुमान मधोमध एका इवल्याशा जागेत असल्याचं दाखवलं. पुढे त्यालाही न्यूक्लियसच म्हणू लागले. पण चारोळी कवचात दाटून बसलेली असते, तसं इथं नाही. सोन्याचा अणू शंभर मीटर रुंद शेताएवढा धरलास, तर त्याचं केंद्रक दादर ज्वारीच्या एका दाण्याएवढं भरेल. आणि त्या शेताला कुंपणही नाही! मी स्वतः कितीतरी वर्षं फळ्यावर मोठा गोल काढून मध्ये बोराएवढं केंद्रक काढत आलो. तुझ्या वहीत ती आकृती असेल, तर तिच्याखाली ही शेताची गोष्ट लिहून ठेव.

न्यूक्लिओलस मात्र मी फोडणार नाही. लॅटिनमध्ये ते शेवटचं ओलस लहानपण दाखवतं, एवढंच सांगतो. उरलेलं तू पुढच्या पत्रात लिही.

तुझे सर