अंगावरचे केस रेझरनं काढले की पुन्हा जाड येतात का? तालमीत जाणाऱ्यानं काढावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय एकवीस, पहाटे तालमीत जाता, संध्याकाळी जिमला. छातीवरचे, मांड्यांवरचे आणि काखेतले केस रेझरनं काढले. तालमीतली थोरली मंडळी म्हणतात, आता दुप्पट जाड येणार. त्यातच मांड्यांवर बारीक लाल फोड उठलेत, जुन्या फोडांच्या जागी काळे डाग राहिलेत, आणि मित्रानं दिलेली एक ट्यूब तुम्ही रोज लावताय.

कोल्हापुरात पेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे. तालीम हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळं हा प्रश्न माझ्याकडं रोजच येतो. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही हे बघून पोरं हळू आवाजात विचारतात. इथं सविस्तर लिहितो, म्हणजे ज्यांना विचारायला लाज वाटते त्यांनाही वाचता येईल.

आधी जाडीचं. केस जाड होत नाहीत. वर दिसतो तो केस मेलेला असतो, त्याचा जिवंत भाग कातडीच्या आत, मुळाशी असतो. ब्लेड तिथपर्यंत पोचतच नाही, त्यामुळं वर काय कापलं गेलं याचा मुळाला पत्ताही लागत नाही. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 सालीच दाढीच्या केसांवर हे तपासून पाहिलं होतं. पुढं 1970 साली पाच तरुणांचा एक पाय दर आठवड्याला रेझरनं साफ करून दुसरा तसाच ठेवला, असं काही महिने चालवलं. शेवटी दोन्ही पायांच्या केसांत ना जाडीचा फरक निघाला, ना वाढीच्या वेगाचा.

मग हाताला राठ का लागतात? न कापलेला केस टोकाकडं निमुळता होत जातो, म्हणून मऊ वाटतो. रेझरनं तो मध्येच सपाट कापला जातो आणि बुंध्याकडची जाडी वर येते. ऊस तोडून नेल्यावर रानात अनवाणी चालून बघा, तेच. बुडखा बोचतो म्हणून ऊस जाड झालेला नसतो. दुसरं कारण वयाचं. पोरं रेझर हातात घेतात ती सोळा ते बावीसच्या दरम्यान, आणि नेमक्या त्याच वर्षांत हार्मोनमुळं छातीवरची, पोटावरची, मांडीवरची बारीक लव आपसूक काळी आणि राठ होत असते. रेझर लावला नसता तरी ती तशीच झाली असती. थोरली मंडळी खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलं ते खरंच आहे, फक्त त्याचं कारण रेझर नाही.

केसांची चिंता सोडा, असं मी सगळ्यांना सांगतो. काळजी घ्यायची ती कातडीची.

कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये भरलेली चरबी, एवढाच तो. पण आतलं पाणी धरून ठेवायचं आणि बाहेरचे जंतू बाहेरच ठेवायचे, ही दोन्ही कामं तो करतो. ब्लेड केसाबरोबर हा थरही खरवडतं. रक्त आलं नाही म्हणजे कापलं नाही असं नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतातच. रेझर फिरवल्यावर आंघोळीला साबण झोंबतो तो त्यामुळंच.

याचा सगळ्यात पक्का पुरावा ऑपरेशन थिएटरमधला आहे. पूर्वी ऑपरेशनच्या आदल्या रात्री पेशंटची ती जागा वस्तऱ्यानं साफ करायची पद्धत होती. त्या बारीक चिरांत रातोरात जंतू वाढतात आणि जखम पिकण्याचं प्रमाण वाढतं, हे लक्षात आल्यावर ती बंद करायला सांगितलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की केस शक्यतो काढू नका, काढावेच लागले तर क्लिपरनं, म्हणजे केस कापायच्या मशीननं काढा, रेझर वापरू नका. निर्जंतुक केलेल्या खोलीत ही खबरदारी घेतात, आणि आपण संध्याकाळी मांड्या साफ करून पहाटे हौद्यात, म्हणजे तालमीतल्या कुस्तीच्या मातीत उतरतो.

मातीला मी नावं ठेवत नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात शड्डू ऐकत लहानाचा मोठा झालोय. हौद्यातली लाल माती हळद, ताक, तेल घालून जपतात, तिच्यावर पाय ठेवताना नमस्कार करतात, तिचा मान मला पुरता ठाऊक आहे. पण त्याच मातीत दहा-वीस जणांचा घाम जिरतो आणि अंग अंगाला घासतं. धड कातडी हे सगळं सोसते. ताजी खरवडलेली कातडी सोसत नाही. त्यात मालिश आली. नुकत्याच रेझर फिरवलेल्या मांडीवर तेल रगडलं, तेही केसाच्या उलट दिशेनं, की मुळांची तोंडं तेलानं बुजतात आणि केसतूड उठायला वेळ लागत नाही. वर घट्ट लंगोट. आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर दोरीवरचा लंगोट कधी वाळतो ते तुम्हीच सांगा.

आता तुमचे फोड. खिडकीजवळ उजेडात बसून एकेक फोड नीट बघा. मधोमध केस आणि त्याच्याभोवती पिवळसर पू दिसत असेल तर ते केसतूड, म्हणजे केसाच्या मुळाशी जंतू गेलेत. पू नाही, पण कातडीखाली केसाचा काळा वेटोळा किंवा आडवी रेघ दिसते, तर तो आतच वळलेला केस आहे. कुरळ्या, राठ केसांत हे जास्त होतं, म्हणून जांघेत, काखेत आणि गळ्यावर. तीन-चार ब्लेडांच्या रेझरमध्ये पुढचं ब्लेड केस ओढतं आणि मागचं तो कातडीच्या पातळीखाली कापतं. हाताला गुळगुळीत लागतं, पण टोकदार झालेला केस बाहेर यायच्या आधीच बाजूच्या कातडीत घुसतो. आणि तिसरा प्रकार म्हणजे गोल चट्टा, कडेला पापुद्रे, मध्ये जरा साफ, आणि रात्री झोपू न देणारी खाज. हा गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग.

तिन्हींना औषध वेगवेगळं आहे, म्हणूनच मित्राच्या ट्यूबबद्दल मला जास्त काळजी वाटते. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादं नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. लावल्यावर दोन दिवसांत लाली आणि खाज कमी होते, म्हणून माणसाला वाटतं गुण आला. खरं तर स्टिरॉइड फक्त कातडीची तक्रार दाबतं. खाली बुरशी वाढत राहते, चट्टा पसरतो, त्याचा गोल आकारही हरवतो आणि मग डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेत महिनोन्‌महिने लावणाऱ्यांची कातडी पातळ होते, मांडीच्या आतल्या बाजूला रुंद लालसर चरे पडतात, आणि ते चरे जन्मभर जात नाहीत. 2018 साली सरकारनं अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही ती हातोहात फिरतात, याचं आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला वाईट वाटतं.

गजकर्णावरून रेझर फिरवण्यात आणखी एक धोका आहे. वरच्या थरात असलेली बुरशी ब्लेडच्या चिरांतून केसाच्या मुळापर्यंत उतरते. तिथं घट्ट गाठी होतात आणि नुसतं मलम लावून त्या जात नाहीत, गोळ्या घ्याव्या लागतात. 1883 साली मायोक्की नावाच्या इटालियन डॉक्टरांनी हा प्रकार लिहून ठेवला, त्यांचंच नाव त्याला आहे. रेझर आणि स्टिरॉइड, दोन्ही त्याला वाट करून देतात. तुम्ही सध्या दोन्ही वापरताय.

तेव्हा फोड पूर्ण बसेपर्यंत रेझर बंद. फोड दाबू नका, विशेषतः जांघेतला. वळलेला केस सुईनं उकरू नका, कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं ठेवा, बरेचसे केस आपोआप वर येतात. मांडी तापली, लाली पसरायला लागली, अंगात कणकण आली, किंवा घरात सांगितलं नसलं तरी तुम्हाला मधुमेह असेल, तर वाट बघू नका. इथल्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभाग आहे, तिथं दाखवा. लाजायचं काही कारण नाही, त्यांच्याकडं दिवसभर हेच येतं. जाताना ती ट्यूब खिशात न्या. काय लावलं होतं हे कळलं की त्यांचं निम्मं काम होतं. आणि चट्टा गजकर्णाचा निघाला तर बरा होईस्तोवर जोड धरू नका, म्हणजे कोणाशी कुस्ती खेळू नका. मॅटवरच्या मोठ्या स्पर्धांत वजनाच्या वेळी डॉक्टर पैलवानाची कातडी तपासतात आणि संसर्ग असेल तर बाहेर बसवतात. तालमीत ते काम आपलं आपणच करायचं.

आता मुख्य प्रश्न, केस काढावेत का. मातीत उतरणाऱ्यासाठी माझं मत असं की काढायची गरज नाही. काखेत आणि जांघेत कातडी कातडीवर घासते, केस मध्ये असले की घर्षण कमी होतं. स्वच्छतेसाठी म्हणाल तर साबणपाण्यानं धुणं आणि नीट पुसून कोरडं ठेवणं पुरतं. नुकते उगवलेले खुंट तर समोरच्यालाही ओरबाडतात. आंतरराष्ट्रीय कुस्तीच्या जुन्या नियमांत दाढी एक तर त्याच दिवशी केलेली असावी, नाहीतर काही महिन्यांची वाढलेली असावी, अशी अट होती.

पण जिममध्ये अंग दिसावं, फोटो चांगले यावेत, हीही इच्छा एकविसाव्या वर्षी रास्तच आहे. ती असेल तर ट्रिमर घ्या. तो कातडीला न खरवडता मिलिमीटरभर केस ठेवतो, आणि लांबून बघणाऱ्याला तेवढा फरक कळतही नाही. आजवर या तक्रारीसाठी आलेल्या बहुतेक पोरांचं काम एवढ्यावरच झालंय.

रेझरच हवा असेल तर दुसऱ्या दिवशी मातीत उतरायचं नाही अशी संध्याकाळ निवडा. आधी कोमट पाण्यानं आंघोळ करा, दोन-तीन मिनिटांत केस पाणी पिऊन मऊ होतो आणि ब्लेडला ओढावा लागत नाही. ब्लेड नवीन घ्या, एक-दोन पात्यांचं पुरे. फेस लावा, कोरड्या अंगावर कधीच नको. केस ज्या दिशेला झुकलाय त्याच दिशेनं हलक्या हातानं फिरवा, कातडी ताणून धरू नका, त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा नेऊ नका. मग गार पाणी, टॉवेलनं टिपून घेणं, आणि वासाचा काहीही नसलेला साधा मॉइश्चरायझर. आफ्टरशेव्ह अंगाला नको. तेलमालीश दोन दिवस थांबवा आणि करताना हात केसाच्या दिशेनं चालवा. केस घालवायच्या क्रीमबद्दलही विचारतात: ते केस रसायनानं विरघळवतं, पाकिटावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवलं तर कातडी भाजते, आणि जांघेत तर लावूच नये.

काळ्या डागांना धीर धरावा लागेल. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत कुठंही दाह झाला की रंग मागं राहतो, तो जायला काही महिने लागतात. नवे फोड थांबले की जुने डाग आपोआप फिके होतात. लिंबू, खायचा सोडा चोळून पुन्हा दाह करून घेऊ नका. काख किंवा मानेची मागची बाजू काळी आणि जाडसर झाली असेल आणि वजनही वाढलं असेल, तर तो डाग रेझरचा नसावा. साखर तपासून घ्या.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तालमीच्या खोल्यांवर एकच रेझर, एकच तुरटीचा खडा सगळ्यांत फिरतो. मी डोळ्यांनी पाहिलंय: न्हाणीच्या फळीवर तुरटी, तिच्यावर वाळलेल्या रक्ताची तांबूस कड, आणि पुढचा पोरगा तीच उचलून ओली करून गालाला लावतोय. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो आणि तो लिव्हर धरतो. रेझर आपापला, तुरटी आपापली, टॉवेल आपापला. सलूनमध्ये बसलात तर नवं ब्लेड डोळ्यांसमोर फोडायला सांगा, कोणी वाईट वाटून घेत नाही. हिपॅटायटिस बीची लस आहे, तीन डोसची: पहिला, महिन्यानं दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. लहानपणी घेतली का ते आईला विचारा, घेतली नसेल तर आत्ता घ्या, आणि वस्तादांच्या कानावर घाला म्हणजे सगळ्या पोरांची एकदमच होईल.