शिक्षण परिषद म्हणजे नुसते चहा-पोहे का?

प्रश्न : मी झेडपीच्या शाळेत चौथीला शिकवते. दर महिन्याला केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद असते पण तिथे परिपत्रकं वाचतात, माहितीचे तक्ते मागतात, मग चहा-पोहे की घरी. एकमेकांकडून शिकणं होतं कुठे?

उत्तर : ताई, दुखणं खरंय. परिपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येतं हो, त्यासाठी एवढे शिक्षक कशाला गोळा करायचे! जपानमधे शिक्षक मिळून एक धडा तयार करतात, एकजण तो वर्गात घेतो आणि बाकीचे मागे उभं राहून बघतात, बाईंना नाही हां, मुलांना, कोण कुठे अडकलं ते, आणि मग बसून त्यावर बोलतात.

तुम्ही आख्खं केंद्र बदलायला जाऊ नका, जवळच्या शाळेतल्या दोघी-तिघी पकडा. विषय छोटा घ्या. हातच्याची वजाबाकी घ्या ना, ५०२ वजा १७८, मधल्या शून्यापाशी पोरं हमखास गडबडतात. चुकलेल्या वह्याच घेऊन बसा. उत्तर ४७६ आलं असेल तर पोरगं हातचा विसरलेलं नाही, ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, मग त्याला परत परत 'हातचा घे' सांगून काय उपयोग? काड्यांचा शंभराचा गठ्ठा सोडून दाखवा, पुढच्या महिन्यात परत वह्या बघा. आणि केंद्रप्रमुखांकडे यासाठी अर्धा तास मागाच, २०२०च्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला ५० तास स्वतःच्या शिकण्यासाठी द्यावेत असं लिहिलंय, तेवढं त्यांना सांगा.