हात लावायचा नाही, मग करायचं काय?

वाचकांचे प्रश्न : वन्यजीवांसाठी स्वयंसेवा

प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत महिनाभर बिबट्यांच्या निवारा केंद्रात काम करायचं आहे. बछडे सांभाळायला मिळतील का? तयारी काय करू? – एक विद्यार्थिनी, कराड

बछडे मिळणार नाहीत. एखादं केंद्र ‘मिळतील’ म्हणालं, तर तिथे जाऊच नका. केंद्राला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता आहे का आणि पशुवैद्यक रोज हजर असतो का, हे आधी विचारा.

तयारी लसीपासून सुरू होते. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. रेबीजचे तीन डोस असतात : पहिला, मग सातव्या दिवशी, आणि शेवटचा एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. म्हणजे जाण्याच्या महिनाभर आधीच सुरुवात हवी. तीन डोस झाले म्हणून चावा दुर्लक्षून चालत नाही. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्या दिवशी व तिसऱ्या दिवशी असे आणखी दोन डोस घ्यायचे.

काम म्हणाल तर बहुतेक वेळ झाडू, बादली आणि विळीपाशी जाईल. पिंजरा धुण्याचा क्रम पाठ करून ठेवा. प्राणी शेजारच्या कप्प्यात गेला, सरकतं दार बंद झालं, कुलूप लागलं आणि दुसऱ्या माणसाने ते ओढून पाहिलं, की मगच आत पाऊल टाकायचं. मोठ्या मार्जारांची सरकती दारं स्वयंसेवकाने उघडायचीच नाहीत. मग विष्ठा उचलायची, लघवी भरपूर पाण्याने वाहून काढायची, साबणाने घासायचं आणि शेवटी ब्लीच. बाजारातलं चार-पाच टक्क्यांचं ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग घ्या, दहा मिनिटं राहू द्या, नंतर स्वच्छ धुवा. हा क्रम उलटा झाला तर दोन गोष्टी बिघडतात. घाणीवर पडलेलं ब्लीच निकामी होतं, आणि लघवीतल्या अमोनियाशी मिसळलं की घसा जाळणारा विषारी वायू तयार होतो. द्रावण रोज ताजं करा, उन्हात त्याचा जोर उतरतो.

घरच्या सवयीने फिनाईल मात्र नेऊ नका. मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या यकृताला त्यातलं फिनॉल नीट निकामी करता येत नाही. ओल्या फरशीवरून चाललेला बिबट्या पंजे चाटतो आणि ते विष पोटात जातं.

खरी कल्पकता लागते ती प्राण्याच्या रिकाम्या वेळासाठी. पिंजऱ्यात त्याच त्या फेऱ्या मारणं हे कंटाळ्याचं आणि ताणाचं लक्षण. उंच फळी, पेंढा भरलेली गोणी, उन्हाळ्यात मांसाचं पाणी घालून गोठवलेला बर्फाचा गोळा, खोक्यात लपवलेलं खाणं, असे उपाय केले जातात. टायर टांगताना त्यातल्या तारा बाहेर आलेल्या नाहीत हे बघा. नायलॉनची दोरी वापरू नका, तिचे धागे गिळले गेले की आतडं अडकतं. खोक्याच्या पिना आणि चिकटपट्ट्याही काढाव्या लागतात. वस्तू आत ठेवण्यापूर्वी अर्धा तास आणि ठेवल्यावर अर्धा तास, दर पाच मिनिटांनी प्राणी काय करतोय ते वहीत लिहा. रोज तीच वस्तू दिली की चौथ्या दिवशी तो तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, हे वहीच दाखवते. जाताना केंद्राच्या हाती ठेवण्यासारखी ही एकच गोष्ट तुमच्याकडे असेल, तेव्हा अक्षर वाचता येईल असं काढा.

आमच्याकडे तोडणी सुरू आहे. उसात बिबट्याचे बछडे सापडले तर वनखात्याची माणसं येईपर्यंत गावातल्या तरुणांनी काय करावं? – एक शेतकरी, जुन्नर तालुका

त्या सरीतली तोडणी थांबवा, माणसं मागे घ्या, जागेवर खूण करा आणि १९२६ या क्रमांकावर कळवा. फोटोसाठी उचलाउचली करू नका. आई बहुधा जवळच्याच उसात असते. पिल्लं हलवली आणि आई सैरभैर झाली, तर संध्याकाळी रस्त्याने जाणारा कुणीही तिच्या तावडीत सापडू शकतो.

आधी पिल्लं कुणाची आहेत हेही पाहा, पण लांबूनच. रानमांजराची आणि वाघाटी या छोट्या रानटी मांजराची पिल्लं ‘बिबट्याची’ म्हणून उचलली जातात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात आणि शेपूट लांब असते. रानमांजराच्या पिल्लावर फिकट पट्टे असतात, शेपूट आखूड.

वनखात्याची माणसं आली की पशुवैद्यक पिल्लं तपासतो, गोचीड काढतो, ओळखीसाठी कातडीखाली चिप बसवतो. संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात. क्रेट असं ठेवतात की आईला ते पंजाने उलटवता यावं. समोर कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी हलला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, लावतात. माणसाचा वास लागला की आई पिल्लू टाकते, हा समज खरा असता तर तपासलेली पिल्लं आयांनी नेलीच नसती. त्या नेतात, तोंडात धरून एकेक. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

फसतं कुठे? गर्दीत. बांधावर चाळीस मोटारसायकली, मोबाइलचे दिवे, कुणीतरी ‘बघू तरी’ म्हणून उसात शिरलेला. आई येत नाही, आणि पिल्लांचा पुढचा सगळा जन्म पिंजऱ्यात जाण्याचा धोका वाढतो, कारण माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला, माणसाला न घाबरणारा बिबट्या पुन्हा रानात सोडता येत नाही. त्या रात्री तरुणांनी करायचं काम म्हणजे दोन्ही बाजूंच्या पायवाटा अडवणं, शेजारच्या मळ्यातला पंप आणि ट्रॅक्टर बंद ठेवायला सांगणं, कुत्री बांधणं आणि सकाळपर्यंत तिकडे कुणी फिरकणार नाही हे पाहणं.

वेळासला कासवं बघून आलो. परत जाऊन मदत करायची आहे. पिल्लं समुद्रात सोडायला मिळतील का? – एक वाचक, डोंबिवली

समुद्रात सोडणं असं काही नसतं. पिल्लं पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात, ती आपली आपण चालत जातात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने हे काम २००२ साली सुरू केलं, महोत्सव २००६ पासून. तिथला कणा म्हणजे गावातले कासवमित्र, जे पहाटे किनारा पायी पालथा घालतात.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री येते आणि सुमारे दीड फूट खोल, मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात शंभरेक अंडी घालून जाते. पहाटे फक्त वाळूवरचा माग उरतो. कोल्ही-कुत्री पोचण्याआधी अंडी काढून उबवणी केंद्रात नेतात. इथे घाई हवी आणि सावधपणाही. अंडी शक्य तितक्या लवकर, सहा तासांच्या आत हलवावीत आणि वरची बाजू वरच ठेवावी. काही तासांतच गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. मग अंडं फिरलं तर तो सुटून मरतो, आणि ते पन्नास दिवसांनी कळतं. नवा खड्डाही तितकाच खोल आणि त्याच आकाराचा हवा, त्यात मूळ घरट्यातली थोडी वाळू घालायची. जागा भरतीरेषेच्या वर, कारण पाणी शिरलं की अंडी गुदमरतात.

खड्डा उथळ झाला तर वाळू जास्त तापते. पिल्लू नर होणार की मादी हे उष्णतेवर ठरतं : साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या, खाली नर. फारच तापलं तर काहीच नाही.

साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात. त्या सुमारास घरट्यावर टोपली झाकतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं पर्यटकांची बस येईपर्यंत घमेल्यात ठेवायची नसतात, पाण्यात तर नाहीच. वर आल्यावर अंगात जी धडपड असते तीच त्यांना लाटांपलीकडे नेते आणि ती तासागणिक संपत जाते.

तुम्ही आठवडाभर राहिलात तर पहाटेच्या फेरीत अंतर मोजायला, नोंदवहीत घरट्याचा क्रमांक, तारीख आणि अंडी लिहायला, आणि दुपारी प्लास्टिक व फाटकी जाळी उचलायला हात लागतात. संध्याकाळी गर्दीला दोरीच्या मागे ठेवायला तर फारच. फ्लॅश मारणाऱ्यांना आवरणं हे त्यातलं सर्वांत नावडतं काम आहे, ते मागून घ्या.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून केलेली गणना वाघांच्या आकडेवारीत धरतात का? – एक वाचक, चंद्रपूर

नाही. एकच प्राणी रात्रीत तीनदा पाणवठ्यावर येतो आणि दुसरा येतच नाही, त्यामुळे त्यातून संख्या काढता येत नाही. वनखातं त्याला ‘निसर्गानुभव’ म्हणतं, ते नाव योग्य आहे. आकडेवारीला हातभार लावायचा असेल तर २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत वनरक्षकाबरोबर चाला. प्रत्येक बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तीन दिवस किमान पाच-पाच किलोमीटर फिरून मांसभक्षकांच्या खुणा नोंदवतात, मग तीन दिवस दोन किलोमीटरच्या ठरलेल्या सरळ रेषेवरून तृणभक्षी मोजतात. ज्यांना दोन तासही बोलल्याशिवाय राहवत नाही त्यांनी अर्ज करू नये.

मुलगी दक्षिण आफ्रिकेत पैसे भरून सिंहाचे छावे सांभाळायला जाणार आहे. जाऊ द्यावं? – एक पालक, नाशिक

नाही. सिंहीण छाव्यांना सुमारे दोन वर्षं जवळ ठेवते. अशा फार्मवर ते काही दिवसांतच काढून घेतात, म्हणजे ती लगेच पुन्हा माजावर येते. ‘अनाथ’ छावे वर्षभर पुरतात ते त्यामुळे. मोठे झाले की त्यांतले अनेक कुंपणात शिकार करणाऱ्यांना विकले जातात. बंदिस्त सिंहपैदास थांबवण्याचं धोरण तिथल्या सरकारने मे २०२१ मध्ये जाहीर केलं, पण जाहीर होणं वेगळं. संस्थेला तीन प्रश्न लिहून विचारा : छाव्यांची आई कुठे आहे? दोन वर्षांवरचे सिंह कुठे आहेत? तुम्ही पैदास करता का? प्राण्यांची पैदास न करणारी, पाहुण्यांना हात लावू न देणारी ठिकाणंही तिथे आहेत. तिथे तिला गवत कापावं लागेल.