गाडीच्या डॅशबोर्डला वाड्याचं सागवान

प्रश्न : काका, आमची १९६९ ची फियाट ११०० डिलाइट आजोबांपासून घरात आहे. पंचवटीतला वाडा उतरवला तेव्हा माजघरातली एक सागवानी तुळई मी हट्टाने ठेवून घेतली. तिच्याच फळीचा डॅशबोर्ड करायचा आहे. त्यात अँपिअर, ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर असे तीन गोल मीटर जास्तीचे बसवणार आहे. वडील म्हणतात, मूळ पत्र्याला हात लावायचा नाही. काय करू?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : तुळई ठेवलीत, बरं केलंत. पण तिची अखंड फळी लावू नका. हा शहाणपणा मी माझ्याच फियाटवर शिकलो. मे महिन्यात अखंड सागाचा डॅशबोर्ड केला, जुलैत ग्लोव्ह बॉक्सचं झाकण फुगून घट्ट बसलं. चमच्याने उचकटलं, तर चमचा वाकला! पुढच्या उन्हाळ्यात मीटरच्या दोन भोकांमधून सरळ चीर गेली. शंभर वर्षांचं लाकूडही हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. लांबीत हलत नाही, रुंदीत हलतं. त्यातून आपला श्रावण ओला आणि एप्रिल कोरडाठाक.

तुळई चिरून तीन मिलिमीटरचे पापुद्रे काढून घ्या. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा, नाहीतर पातं गेल्यावर गिरणीवाला तुमच्या सात पिढ्या काढेल. सहा मिलिमीटरच्या मरीन प्लायला हे पापुद्रे दोन्ही बाजूंनी चिकटवा. मागची बाजू दिसत नाही म्हणून सोडलीत, तर फळी पापडासारखी वळेल. साग तेलकट असतो; चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या आणि इपॉक्सी वापरा. सुतार रबरी चिकटद्रव्य सुचवेल, पण उन्हात उभ्या गाडीत ते मऊ पडतं.

छोटे मीटर बहुतेक ५२ मिलिमीटरचे असतात. तरी मीटर हातात आल्याशिवाय भोक पाडू नका. आधी पुठ्ठ्यावर कापून बघा आणि स्टिअरिंगमागे बसून तिन्ही काटे दिसतात का तेही पाहा.

आता जिथे सगळे फसतात ते. पत्र्यात बसवलेल्या मीटरला त्याच्या पट्टीतून आपोआप अर्थिंग मिळतं, म्हणजे विजेला बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट. लाकडात ते कुठून मिळणार? माझ्या मीटरचे दिवे लागेनात आणि टेंपरेचरचा काटा भलतंच दाखवू लागला. मी सेन्सर बदलला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरही धुऊन आणला. शेवटी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका इलेक्ट्रिशियनने मीटरच्या अंगाला वायर लावून तिचं दुसरं टोक पत्र्याला टेकवलं, आणि काटा जागेवर आला. पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. तुम्ही तिन्ही मीटरच्या अंगाला आधीच काळी वायर जोडून ती बॉडीच्या बोल्टला घट्ट आवळा.

पॉलिश म्हणाल तर दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन), उन्हाला टिकणारं. लाखेचं पॉलिश देवघराला ठीक.

वडिलांचं म्हणणं सोळा आणे खरं. गाडीला पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकते, पण बॉडी-शेल, चेसिस, इंजिन यांत मोठा फेरफार नसला तरच. म्हणून पत्रा कापू नका. लाकूड पुढून बसवा, शक्यतो जुन्याच भोकांतल्या स्क्रूंवर, म्हणजे उद्या काढलंत तरी गाडी होती तशी.