पाळी गेल्यानंतर स्नायू झिजतायत का, हे रक्ताच्या तपासणीतून कळतं का?

नुसत्या रक्तावरून नाही कळत. पुढचं सगळं वाचायला वेळ नसेल तर आईंना हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस करायला सांगा आणि घड्याळ लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर शंका घ्या. लॅबच्या पॅकेजचे साडेचार हजार वाचतील.

तुम्ही लिहिलंय की आई ६३ च्या आहेत, ऐरोलीला असतात, पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, वजन तेवढंच आहे पण दंड आणि पोटऱ्या सुकल्यासारख्या दिसतात. आणि लॅबवाल्यानं 'मसल प्रोफाइल', म्हणजे स्नायूंच्या नावाखाली रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज, करून घ्या म्हणून गळ घातलीय. मी स्वतः ठाण्यात नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये १९९४ ते २०२० लोकांचं रक्त काढलंय, त्यामुळे लॅबवाल्यांना मी जे बोलेन ते घरातल्या माणसाला बोलल्यासारखं समजा.

रिपोर्ट घ्यायला आलेल्या बायका काउंटरवरच विचारायच्या, "ताई, किडनी ठीक आहे ना?" मी क्रिएटिनिनच्या आकड्यावर बोट ठेवून सांगायची, "०.५ आहे, झकास. वाढलं तर काळजी, कमी असलं तर काही नाही." किती जणींना हे सांगितलं त्याची मोजदाद नाही. त्यातल्याच कितीतरी जणींच्या दंडाला पट्टा बांधताना तो पार शेवटच्या टोकापर्यंत ओढावा लागायचा, कातडी नुसती हाडावर सरकायची. दंड माझ्या हातात, आकडाही माझ्याच हातात, आणि दोन्हींचा संबंध मला २६ वर्षांत लावता आला नाही.

संबंध साधा आहे. क्रिएटिनिन किडनीत तयार होत नाही, किडनी ते फक्त बाहेर टाकते. तयार होतं ते स्नायूंतल्या क्रिएटिनपासून, रोज थोडं थोडं. स्नायू कमी झाले की कारखानाच लहान झाला, मग माल कमीच निघणार. म्हणजे आकडा खाली यायला किडनी तरुण झालेली असावी लागते असं नाही, मांस उतरलेलं असू शकतं.

आता माझं. माझे रिपोर्ट मी एका हिरव्या फायलीत तारीखवार लावून ठेवते, ही लॅबची सवय. क्रिएटिनिन २०१० साली ०.८४. २०१५ ला ०.७१. २०१९ ला ०.६०, आणि तेव्हा तर सॅम्पल मीच मशीनला लावलं होतं. २०२२ ला ०.४९, शेजारी बारीकसा 'एल', म्हणजे 'लो', कमी. डॉक्टरांनी कागद बघितला, म्हणाले, "किडनी विशीतल्या मुलीसारखी आहे." मी खुशीत घरी आले. वजन ५८, दहा वर्षांत किलोभराचा फरक नाही. मैत्रिणी हेवा करायच्या.

त्याच वर्षी गणपतीत चरईला मोठ्या जाऊबाईंकडे गेले होते. आम्ही दोघी दरवर्षी जमिनीवर बसून मोदक वळतो. ५१ झाले, उकड संपली, आणि मला उठताच येईना. मांडी सोडवली, एक हात टेकला, दुसरा टेकला, तरी बूड हलेना. शेवटी वळून घोडा झाले, कपाटाचा पाय धरला आणि तशी उभी राहिले. हाताला तांदळाची पिठी, ती कपाटाला लागली. जाऊबाईंनी आधी कपाट पुसलं आणि मग म्हणाल्या, "बघ, मी म्हणत होते ना, तू आयुष्यभर बादल्या उचलल्यास, त्याची ही फळं."

हे भांडण आमचं जुनं. मी चरईतच राहायचे तेव्हा तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि पाणी कमी दाबाचं असलं की खालून बादल्या भरून आणायच्या. जाऊबाईंचा ठाम सिद्धांत, बाईनं वजन उचलू नये, अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं. पाळी गेल्यावर तर मुळीच नाही. २०१२ मध्ये माझी पाळी थांबली आणि त्याच वर्षी आम्ही घोडबंदर रोडला टॉवरमध्ये आलो. लिफ्ट आली, भाजी दारात, दळण दारात, आणि मीही मनात म्हटलं, चला, सुटले. तो 'सुटले'चा हिशोब फायलीत ०.७१ पासून ०.४९ पर्यंत नीट लिहिलेला आहे. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, त्याचा स्नायूंना तोटा होतोच, ते खरं. पण माझ्या बाबतीत अर्धं काम लिफ्टनं केलं.

एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बसवून मोजलं. हातात पकडीचं यंत्र दिलं, जीव खाऊन दाबलं तर १३.५ किलो. आशियातल्या तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये ठरवलेली मर्यादा बायकांसाठी १८ किलो आहे. खुर्चीवरून पाच वेळा उठायला मला १६.८ सेकंद लागले. १२ किंवा जास्त लागले तर शंका घ्यावी असं तोच गट म्हणतो. मग त्यांनी शिंप्याच्या टेपनं पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजला. ३०.५ सेंटिमीटर. बायकांसाठी ३३ च्या खाली म्हणजे पुढे तपासा. टेप दहा रुपयांची आणि तिनं जे सांगितलं ते माझ्या २६ वर्षांच्या मशीननं सांगितलं नव्हतं. नंतर डेक्सा केला, म्हणजे हाडांच्या घनतेचं तेच यंत्र, फक्त पूर्ण शरीराचं स्कॅन. हातापायांच्या स्नायूंचं वजन भागिले उंचीचा वर्ग ५.१ आलं, बायकांना किमान ५.४ हवं. नाव मिळालं, सार्कोपेनिया. हा शब्दच मुळी १९८९ चा, रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी घडवला, ग्रीकमध्ये मांसाची कमतरता. आजार म्हणून अमेरिकेच्या यादीत त्याला स्वतंत्र नंबर २०१६ मध्ये मिळाला. आमच्या काउंटरवर तो कुणी कधी उच्चारला नाही यात नवल नाही, पण मला राग यायचा तो आलाच.

रक्ताचं विचारलंत म्हणून तेवढं सांगते. खरोखर काही उपयोगाचं असेल तर क्रिएटिनिनच्या जोडीला सिस्टॅटिन सी. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी तयार करतात, स्नायूंवर फारसं अवलंबून नाही. माझं ०.९५ आलं. आता गंमत बघा, क्रिएटिनिनवरून माझ्या किडनीची रक्त गाळायची गती ११० निघत होती आणि सिस्टॅटिनवरून ७८. त्याच दिवसाचं रक्त, तीच किडनी. ७८ म्हणजे काही आजार नाही, पण 'विशीतली मुलगी' कुठच्या कुठे गेली. क्रिएटिनिनला सिस्टॅटिननं भागून शंभरनं गुणलं की जो आकडा येतो त्याला सार्कोपेनिया इंडेक्स म्हणतात. माझा ५२ च्या आसपास. कमी असला तर स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त, एवढंच; इतक्याच्या खाली म्हणजे रोग अशी सगळ्यांना मान्य रेघ नाही. थायरॉइड बिघडलेला असला, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, अंगात सूज असली तरी सिस्टॅटिन हलतं. पण आईंना किडनीच्या हिशोबानं डोस ठरवायची औषधं असतील तर हा फरक डॉक्टरांच्या कानावर घाला, तिथे तो खरा महत्त्वाचा.

पॅकेजमध्ये सीपीके, म्हणजे स्नायूंतलं एक एन्झाइम, असेल, असतंच. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. सीपीके वाढतं स्नायू फाटले, दुखावले तर. पडलात, कमरेत इंजेक्शन घेतलं, जिममध्ये पहिल्याच दिवशी मर्दुमकी दाखवली, कोलेस्टेरॉलच्या गोळीचा त्रास झाला. हळूहळू विरघळणारा स्नायू बोंब मारत नाही, त्याचं सीपीके नॉर्मलच येतं, आणि मग बाई 'स्नायू नॉर्मल' म्हणत घरी जाते. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिनही तसंच, ते लिव्हर आणि आजारपणाचं जास्त सांगतं. पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईचं एफएसएच, म्हणजे पाळीशी संबंधित हार्मोन, कशाला करायचं, ते मला अजून कुणी पटवलेलं नाही. मायोस्टॅटिन, जीडीएफ-१५, आयरिसिन, आयएल-६ ही नावं इंटरनेटवर दिसतील. संशोधनात आहेत, निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यासाठी पैसे देऊ नका. व्हिटॅमिन डी मात्र करा. ते स्नायू मोजत नाही, पण कमी असलं तर भरून काढता येतं. फक्त ६० हजार युनिटची पुडी शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन् महिने घेऊ नका.

आणि क्रिएटिनिन बघायचंच तर एका रिपोर्टवर जाऊ नका. आदल्या रात्री मटण चापलं असेल तर ते वर जातं. दोन लॅबच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी आकडा थोडा हलतो. जुनी फाइल काढा, पाच-दहा वर्षांचा उतार बघा. तो फुकट आहे.

मी काय केलं? खाणं बदललं आणि वजनं उचलली. रात्री दूध-पोळी, सकाळी पोहे, गुरुवारी साबुदाणा, असं माझं चाललं होतं. यात प्रथिनं कुठे आहेत? आपल्या हैदराबादच्या पोषण संस्थेचा आकडा वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, पण उतारवयात १ ते १.२ ग्रॅम घ्यावं असं या विषयातले जाणकार सांगतात. मला म्हणजे साठच्या आसपास. एका अंड्यात सहा. बाकीचं तुम्हीच जुळवा, उसळ, पनीर, मासे, दही, जे चालत असेल ते. साबुदाण्यात जवळपास शून्य, हे जाऊबाईंना आजही मान्य नाही.

वजनं एक किलोपासून सुरू केली, आठवड्यातून तीनदा, त्याच फिजिओबाईंकडे. दीड वर्षानं पकड १९, खुर्ची ११ सेकंद. गिरणीतून पाच किलो दळण मी स्वतः आणते, लिफ्ट सोडून नाही, सातवा मजला आहे, एवढी वेडी नाही. क्रिएटिनिन ०.५८ झालं. आधी मला याचाच आनंद झाला, ही लॅबची खोड काही जात नाही.

जाऊबाईंच्या बाजूनं एक सांगायलाच हवं. आमच्या सासूबाईंचं अंग बाहेर आलेलं आम्ही दोघींनी पाहिलंय. मुरबाडकडच्या, बाळंत होऊन आठवड्यात शेतावर गेलेल्या, सहा मुलं. जाऊबाई तिथेच शिकल्या आणि ते चुकीचं नव्हतं. त्यामुळे आईंना खाली ओढल्यासारखं, जड वाटत असेल, खोकताना लघवी सुटत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग डंबेल. श्वास कोंडून कुंथत काहीही उचलायचं नाही. आणि वजन अचानक उतरलं असेल, भूक गेली असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन वगैरे नीट तपासणी करून घ्या, तेव्हा रक्तच लागतं. उठबस करताना खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी, तुम्ही शेजारी उभे राहा. गुडघे दुखत असतील तर सेकंद वाढतात, त्याचा अर्थ लगेच स्नायूंचा लावू नका.

गेल्या गणपतीत मोदक झाल्यावर मी कशाला न धरता उठले आणि जाऊबाईंना खुर्चीवर बसवून मोबाइलचा टायमर लावला. वय ६८. बादली उचलायची नाही हे तत्त्व पन्नास वर्षं पाळलेलं. पाचव्यांदा उभ्या राहीपर्यंत १७ सेकंद. त्यांचं म्हणणं, खुर्ची बुटकी होती. खुर्ची त्यांच्याच घरातली.